बार्बीच्या पाठीवर १९६६ कोरलंय, म्हणजे ती त्याच सालची का?

नाही, तसं धरू नका. ते साल त्या शरीराच्या साच्याच्या कॉपीराइटचं आहे. कमरेत वळणारी बार्बी १९६७ साली बाजारात आली आणि १९६६ हा आकडा पुढे कित्येक वर्षं नव्या बाहुल्यांवरही उमटत राहिला. नव्वदच्या दशकातल्या बाहुलीवरही तो सापडतो.

सालाशेजारी देशाचं नाव बघा. सुरुवातीच्या बार्बी जपानमध्ये बनत. तिथे मलेशिया किंवा चीन असेल, तर बाहुली बरीच नंतरची.

पहिली बार्बी ९ मार्च १९५९ला न्यूयॉर्कच्या खेळणी मेळाव्यात आली. किंमत ३ डॉलर. बार्बी बनवणाऱ्या मॅटेल कंपनीच्या सहसंस्थापक रूथ हँडलर यांना तिची कल्पना सुचली ती लिली या जर्मन बाहुलीवरून. मोठ्या बाईसारखी दिसणारी बाहुली अमेरिकेत तेव्हा अगदीच नवी नव्हती, मादाम अलेक्झांडर या अमेरिकन बाहुली कंपनीची सिसी १९५५चीच. पण सिसी आकाराने खूप मोठी. बार्बी जेमतेम साडेअकरा इंच, मुलीच्या मुठीत मावणारी.

त्या पहिल्या खेपेची खूण मला फार आवडते: तळपायांना भोकं आणि आत तांब्याच्या बारीक नळ्या, स्टँडच्या काड्या त्यात बसायच्या. बुबुळं पांढरी, भुवया टोकदार.

आणि बाहुली जुनी निघाली, तर कानातले आधी हळूच काढा. धातूमुळे कानाभोवतीचं व्हिनाइल, म्हणजे बाहुलीचं मऊ प्लास्टिक, हिरवं पडतं, आणि तो डाग सहजासहजी जात नाही.