३२०×२०० पिक्सेलच्या पॉइंट-अँड-क्लिक गेमची पार्श्वभूमी मोठी काढून लहान करावी का?

नाही, थेट ३२०×२०० वरच काढा. मोठं चित्र लहान करताना सॉफ्टवेअर सहसा शेजारच्या रंगांची सरासरी काढतं. कडा पुसट होतात, एका पिक्सेलच्या रेषा (दोरी, खिडकीचे गज) विरून जातात आणि ठरवलेल्या १६-३२ रंगांच्या पॅलेटमध्ये शेकडो नको असलेल्या छटा घुसतात. आधी पात्राचं स्प्राइट (गेममध्ये हलणारं त्याचं छोटं चित्र) कॅनव्हासवर ठेवून दारं आणि टेबलं त्याच्या मापाने आखा, मग तीनच करड्या छटांत उजेड-सावली बसवा. या टप्प्यावर चित्रात काय आहे ते ओळखता येत नसेल तर बारकावे भरून ते सुधारत नाही. बारीक काम क्लिक करायच्या वस्तूंभोवती करा. भिंतभर विटा काढल्या तर खेळाडूला किल्ली सापडतच नाही. पात्र ज्यांच्या मागून जाणार त्या वस्तू वेगळ्या लेयरवर ठेवा. अ‍ॅडव्हेंचर गेम स्टुडिओ या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये अशा वस्तूला वॉक-बिहाइंड म्हणतात. प्रत्येकाची बेसलाइन (पात्र वस्तूच्या मागे दिसणार की पुढे हे ठरवणारी आडवी रेषा) वस्तू जमिनीला टेकते तिथेच लावा. चुकली की पात्र टेबलावर चढल्यासारखं दिसतं.

गेम १९२०×१०८० चा, हाताने रंगवलेल्या शैलीतला असेल तर मात्र दुप्पट आकारात काढून लहान करणंच चांगलं.