अस्वलं पांढरी असतात म्हणे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा संशोधनाचा आराखडा मिळाला. दोनदा वाचला, दुसऱ्या खेपेला पेन्सिल हातात घेऊन. मेहनत पानापानावर दिसते, त्याबद्दल शंका नाही. पण शिक्षण, मानसशास्त्र आणि उझबेक साहित्य ही तुझी तीन प्रकरणं मला एकाच वाड्यात राहून एकमेकांशी अबोला धरलेल्या तीन बिऱ्हाडांसारखी वाटली. त्यातलं साहित्य तर अगदी शेवटी, जेवणं उरकल्यावर आलेल्या पाहुण्यासारखं. दोन कविता, एका कादंबरीचा गोषवारा, आणि संपलं. समितीत कुणीतरी विचारणारच, "तीन विषय कशाला? एक धरा ना." त्या वेळी तू काय उत्तर देशील, यासाठी हे पत्र.

1931 आणि 1932 च्या उन्हाळ्यात मानसशास्त्रज्ञ अलेक्सांद्र लुरिया मॉस्कोहून उझबेकिस्तानात गेले, हे तू लिहिलंस. या मोहिमेमागे त्यांचे सहकारी मानसशास्त्रज्ञ लेव विगोत्स्की यांचा विचार होता, तेही लिहिलंस. फरगाना खोऱ्यातल्या खेड्यांत, शोहिमर्दानसारख्या डोंगरातल्या गावात त्यांनी निरक्षर शेतकरी, 'इच्करी'तल्या म्हणजे आपल्याकडच्या माजघरासारख्या घराच्या आतल्या भागात राहणाऱ्या बायका, सामुदायिक शेतीवरचे कार्यकर्ते आणि अध्यापनाचं शिक्षण घेणाऱ्या मुली यांना प्रश्न विचारले. त्रिकोण दाखवला तर बायका म्हणाल्या 'तुमार', म्हणजे ताईत. वर्तुळाला म्हणाल्या ताट, चाळण, चंद्र. आणि मग तो प्रसिद्ध प्रश्न: उत्तरेकडे, जिथे बर्फ असतं, तिथली सगळी अस्वलं पांढरी असतात. नोवाया झेम्ल्या उत्तरेकडे आहे. तिथली अस्वलं कोणत्या रंगाची?

तू लिहिलंस, "निरक्षर व्यक्तींना अनुमान करता आलं नाही." हे वाक्य खोड. लुरियांनी नोंदवलेली उत्तरं पुन्हा वाच. एक शेतकरी म्हणतो, प्रत्येक मुलखाची आपापली जनावरं असतात. दुसरा म्हणतो त्याचा आशय असा: साठ-ऐंशी वर्षांच्या माणसाने पांढरं अस्वल पाहिलं असेल आणि त्याने सांगितलं तर विश्वास ठेवता येईल. मी पाहिलेलं नाही, म्हणून मी सांगू शकत नाही. ज्यांनी पाहिलं त्यांनी बोलावं. तिथेच बसलेला एक तरुण उझबेक मध्येच म्हणतो, तुमच्या शब्दांवरून पाहिलं तर तिथली अस्वलं पांढरी.

यात अनुमान कुठे कमी आहे? शेतकरी साक्षीचा नियम सांगतोय. न पाहिलेल्या गोष्टीची ग्वाही द्यायची नाही, हे त्याचं तत्त्व आहे, आणि ते तो दोन्ही बाजूंनी नीट मांडतोय. तरुणाने फक्त एक शब्द जोडला: 'तुमच्या शब्दांवरून'. त्याने जबाबदारी प्रश्न विचारणाऱ्यावर टाकली आणि मोकळा झाला.

आता उझबेक भाषेकडे ये. स्वतः पाहिलेल्या गोष्टीचं क्रियापद तिथे वेगळं आणि ऐकीव किंवा मागाहून कळलेल्या गोष्टीचं वेगळं. 'केल्दी' म्हणजे आला. 'केलिब्दी' म्हणजे आलाय म्हणे, किंवा आलेला दिसतोय. वाक्याच्या शेवटी 'एकन' लागला की बोलणारा सांगतो, हे माझ्या डोळ्यांचं नाही. आपल्याला हे शिकवायला नको. आपल्या आजीने उभ्या आयुष्यात किती बातम्या 'म्हणे' लावून सांगितल्या असतील! इंग्रजीत शिकलेल्या संशोधकाला 'एकन'साठी व्याकरणाचा अख्खा धडा लागतो, तुला तो एका शब्दात कळेल. हा तुझा आधार आहे, तो वापर.

उझबेक परीकथा कशी सुरू होते ठाऊक आहे ना? 'बिर बोर एकन, बिर योक एकन'. एक होता म्हणे, एक नव्हता म्हणे. आपलं आटपाट नगर. हे शब्द उच्चारले की अस्वल पांढरं असो, हिरवं असो, बोलणारं असो, कुणी विचारत नाही की तू पाहिलंस का. मग माझा प्रश्न असा: तोच शेतकरी, तेच अस्वल, पण प्रश्न गोष्टीच्या दारातून आत आला असता तर? संभाषणं उझबेकमध्ये झाली, जगापुढे पुस्तक आलं रशियनमध्ये, तेही 1974 साली. त्या प्रश्नांत क्रियापदाचं कोणतं रूप होतं, हे आपण रशियन पानावरून ओळखू शकत नाही. तुझं पहिलं काम हे. इथे मानसशास्त्राच्या प्रश्नाचं उत्तर साहित्याच्या हातात आहे, म्हणून साहित्याचं प्रकरण शेवटी नको.

मी हे इतक्या कळकळीने का सांगते, तेही सांगते. वीस-बावीस वर्षांपूर्वी पालघरकडच्या एका आश्रमशाळेत मी अशाच चाचण्या घेत होते. चौथीतल्या एका मुलीला विचारलं, डोंगरापलीकडच्या सगळ्या गावांत आंब्याची झाडं आहेत, अमुक गाव डोंगरापलीकडे आहे, तर तिथं आंबा आहे का? ती म्हणाली, "मी गेली नाय तिथं." मी शून्य लिहिलं. संध्याकाळी तीच मुलगी ओट्यावर बसून धाकट्यांना गोष्ट सांगत होती. वाघ उंदराच्या लग्नाला जातो. एका पोराने विचारलं, उंदीर पळाला कसा नाही? ती पटकन म्हणाली, "लग्नात कुणी कुणाला खायचं नाय असं ठरलं होतं ना! मग कशाला पळेल?" मी खांबाला टेकून उभी होते. ठरलेली गोष्ट धरून तिने निष्कर्ष काढला होता, आणि तिचं शून्य माझ्या पिशवीत होतं. ते शून्य मी बदललं नाही, तक्ता तसाच छापून गेला. ती मुलगी आता तिशीची असेल. त्या तक्त्यात ती अजून अनुमान न करता येणारी आहे.

फरगाना खोऱ्यात 'अस्किया' नावाची एक कला आहे. लग्नात, सणाला, चहाखान्यात दोन हजरजबाबी माणसं किंवा दोन गट समोरासमोर बसतात. आधी एक विषय ठरतो, त्याला 'पैरव' म्हणतात. समजा खरबूज ठरलं, तर प्रत्येक वाक्यात खरबुजाच्या दुनियेतला शब्द आला पाहिजे, त्याचा दुसरा अर्थ समोरच्याला लागला पाहिजे, आणि उत्तर त्याच चौकटीतून तत्क्षणी आलं पाहिजे. चौकट सोडली की हरला. 2014 साली युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत तिची नोंद केली. ज्या खोऱ्यात ही कला नांदते, तिथल्या माणसांना 'मानलेली गोष्ट धरून बोलता येत नाही' असा शेरा मिळाला! माणूस मानलेली गोष्ट कुठल्या प्रसंगी स्वीकारतो आणि कुठल्या प्रसंगी नाकारतो, हा तुझा संशोधनप्रश्न कर. बाकीचे पाच प्रश्न काढून टाक.

मात्र लुरियांवर तुटून पडू नकोस, ते हल्ली फार सोपं झालंय. त्यांनी उत्तरं जशीच्या तशी लिहून ठेवली म्हणून तर आज आपण त्यांच्याशी वाद घालू शकतो. आणि थोड्याशा शिक्षणानंतर माणसं वेगळी उत्तरं देतात, हे त्यांचं निरीक्षण खरंच मोठं आहे. गोम एवढीच की अक्षरओळख, शाळा आणि बदललेलं सामुदायिक जीवन या तिन्ही गोष्टी तिथे एकदमच आल्या होत्या. सिल्व्हिया स्क्रिब्नर आणि मायकेल कोल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी लायबेरियातल्या वाई लोकांमध्ये हा गुंता सोडवला, कारण तिथे लोक शाळेत न जाताही वाई लिपी शिकत. अशा चाचण्यांतला मोठा फरक त्यांना नुसत्या अक्षरांपेक्षा शाळेमुळे पडलेला दिसला. 1981 चं त्यांचं पुस्तक तुझ्या यादीत नाही, ते आधी वाच.

शिक्षणाचं प्रकरण तू 1917 पासून सुरू केलंस. म्हणजे क्रांतीआधी तिथे अंधारच होता असं तू न बोलता मान्य केलंस. थोडं मागे जा. क्रिमियातले इस्माईल गास्प्रिन्स्की यांनी 1884 मध्ये नव्या पद्धतीची शाळा काढली. घोकंपट्टी नाही, ध्वनीवरून अक्षर, आणि चाळीस दिवसांत वाचन. 'उसूल-इ-जदीद', नवी पद्धत, म्हणून ती उचलून धरणारी मंडळी जदीद. हेच गास्प्रिन्स्की 1912 मध्ये आपल्या मुंबईत आले होते, ही पद्धत इथल्या मुसलमान मुलांसाठी दाखवायला. बुखाऱ्याचा जदीद लेखक फितरत याने शाळांवरचा वाद लिहिला तो एक युरोपीय माणूस आणि बुखाऱ्याचा मुदर्रिस, म्हणजे मदरशातला शिक्षक, यांच्यात, आणि तो घडतो हिंदुस्थानात. समरकंदचे महमूदख्वाजा बेहबुदी यांचं 'पदरकुश' हे नाटक 1914 मध्ये रंगमंचावर आलं. नावाचा अर्थ पितृघातक, आणि पुढे जोडनाव: 'न शिकलेल्या मुलाची दशा'. श्रीमंत बाप मुलाला शिकवत नाही, मुलगा वाईट संगतीला लागतो, आणि पैशासाठी बापाचाच खून होतो. वाचताना तुला जोतीरावांचं 1855 चं 'तृतीय रत्न' आठवेल, आठवायलाच हवं. पण साम्यावर थांबू नकोस. जोतीरावांचं शेतकरी जोडपं शेवटी स्वतः शाळेची वाट धरतं. बेहबुदी मात्र समोर बसलेल्या श्रीमंत बापाला घाबरवतात. शिक्षणाचं आवाहन कुणाला आणि कोणत्या भावनेला केलंय, हेही मानसशास्त्रच आहे.

जदीदांपैकीच अब्दुल्ला अवलानी 1913 मध्ये लिहितात, 'तर्बिया', म्हणजे मुलांचं संगोपन-संस्कार, आमच्यासाठी एक तर हयात, नाही तर ममात. जगणं किंवा मरणं. त्यातला 'हयात' आपण रोज वापरतो. दफ्तर, बाजार, दुकान, मेवा, आयना, असे शेकडो शब्द तुला वाटेत भेटतील, पण जपून. तिथे 'दफ्तर' म्हणजे वही आणि 'मेवा' म्हणजे कुठलंही फळ.

भाषा नीट शिक. वाक्याच्या शेवटी क्रियापद, नामाला मागून प्रत्यय, ही चाल तुझ्या कानाला आपली वाटेल. कष्ट आहेत लिपीचे. 1920 च्या दशकातली पुस्तकं अरबी लिपीत, मग 1929 पासून लॅटिन, 1940 पासून सिरिलिक, आणि 1993 च्या कायद्याने पुन्हा लॅटिन. पणजोबाची वही पणतूला वाचता येत नाही. आपल्याकडे मोडीतल्या कागदांचं गाठोडं घरोघरी असंच पडून आहे, तेव्हा ही हळहळ तुला वेगळी सांगायला नको. सिरिलिक आणि आजची लॅटिन आधी शिक. अरबी लिपीसाठी एखाद्या उर्दू शिक्षकाकडे सहा महिने जा.

वाचन बाबरापासून सुरू करायचं मनात आहे असं लिहिलंस, कारण तो आपल्या ओळखीचा. त्याची आत्मकथा चगताई तुर्कीत, म्हणजे उझबेकच्या जुन्या साहित्यभाषेत आहे, आणि कधीतरी ती वाचच. पण सुरुवात अब्दुल्ला कादिरीच्या 'ओत्कन कुनलर'पासून कर, 'गेलेले दिवस'. ही उझबेकमधली पहिली कादंबरी. मर्गिलानच्या सराईत एका हिवाळी संध्याकाळी ती उघडते. अताबेक आणि कुमुश यांचं प्रेमाचं लग्न, आणि मुलाने मी निवडलेलीच दुसरी बायको करावी म्हणून हटून बसलेली आई. त्या आईचं नाव उझबेक आयिम. तिला नुसती खाष्ट सासू म्हणून बाजूला सारू नकोस. तिचा हट्ट, तिची माया, चारचौघांत तोंड दाखवण्याची तिची काळजी, हे सगळं तुझ्या प्रश्नावलीतल्या 'पालकांची वृत्ती' या रकान्याशेजारी ठेव आणि बघ त्या रकान्यात काय मावत नाही. मर्गिलान त्याच फरगाना खोऱ्यात आहे. लुरियांना उत्तरं देणारी माणसं या कादंबरीच्या शेजारपाजारची होती.

आणि एक गोष्ट तुझ्या आराखड्यात तळटीपेत गेलीय, ती वर आण. कादिरी, कवी चोलपान आणि फितरत या तिघांना 4 ऑक्टोबर 1938 ला ताश्कंदमध्ये गोळ्या घातल्या. लुरियांच्या निष्कर्षांवर टीका झाली, त्यांचं पुस्तक चाळीस वर्षं अडकलं, पण ते जगले आणि पुस्तक निघालं. उझबेक माणूस काय विचार करतो हे उझबेकमध्ये लिहिणारे मात्र मारले गेले. जगाला त्या काळच्या उझबेक मनाची ओळख मुख्यतः एका रशियन पुस्तकातून झाली, त्यामागे हे आहे. हे लिहिताना हात आखडू नकोस.

आजच्या शाळांविषयी थोडकंच सांगते. पंधरा वर्षांच्या मुलांसाठी देशोदेशी होणाऱ्या पिसा चाचणीत 2022 साली उझबेकिस्तान पहिल्यांदा उतरला, वाचनात सरासरी 336 गुण आले. हा आकडा पहिल्या पानावर ठळक करायची घाई करू नकोस. आधी उझबेकमधले प्रश्न मिळतील तितके वाच, मग बोल.

तिथे गेल्यावर आपल्याहून मोठ्या बाईला 'आपा', म्हणजे ताई, म्हण, शिक्षकाला 'दोमला'. पहिल्या दिवशी वही बाहेर काढू नकोस. चहा पियाल्यात अर्धाच ओततील, त्याचा राग मानू नकोस, पुन्हा पुन्हा ओतता यावा म्हणून तसा देतात. 'अतिन-आयी'विषयी विचार. घरात मुलींना वाचायला शिकवणाऱ्या या बायका. नवाई आणि मश्रब या जुन्या कवींच्या ओळी त्यांच्या तोंडून आत, इच्करीपर्यंत पोचत होत्या. कुणाच्या आजीने काय ऐकलं होतं, काय पाठ होतं, ते त्यांच्याच शब्दांत, क्रियापदाच्या रूपासकट उतरवून घे.

आराखडा पुन्हा लिहून पाठव, पण त्याआधी पंधरा दिवसांत एक छोटं काम कर. कुठल्याही उझबेक परीकथेची पहिली दोन पानं घे. प्रत्येक वाक्याखाली मराठी लिही आणि जिथे जिथे 'एकन' येईल तिथे 'म्हणे' लावून बघ. जिथे 'म्हणे' बसणार नाही, त्या जागांवर खूण कर. आपण तिथून बोलायला सुरुवात करू.

तुझी,
बाई