प्रोजेक्ट संपला, आता मला काढतील का?

‘प्रोजेक्ट संपला की चार दिवस हाताला काम नसतं. मग वाटायला लागतं, आता हे आपल्याला काढणार.’ डिझाइन स्टुडिओत काम करणाऱ्या मुलामुलींकडून हे वाक्य थोड्याफार फरकानं मी समुपदेशक म्हणून वारंवार ऐकते. म्हणून त्यातल्या एकीची हकिकत सांगते आहे. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी सत्तावीस वर्षांची. राहायला निगडी प्राधिकरणात, आईवडिलांसोबत. पुण्याच्या एरंडवण्यातल्या एका जुन्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर पंधरा-सोळा जणांचा स्टुडिओ आहे, तिथे ती ग्राफिक डिझायनर. वडील पिंपरीतल्या कारखान्यातून निवृत्त झालेले, भाऊ हिंजवडीत आयटीत. भाऊ बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना पण पगारावर, असला तर घरात कुणाला त्याचं काही वाटत नाही. ही मात्र दुपारी चारला घरी आली की आई विचारते, ‘आज काम नव्हतं का गं?’

माझ्याकडे ती दसऱ्याच्या सुमारास आली, झोप लागत नाही म्हणून. पावसाळाभर तिनं एका मिठाईवाल्या क्लायंटचे दिवाळीचे बॉक्स केले होते. दिवाळीचं पॅकेजिंग दिवाळीच्या कितीतरी आधी फायनल व्हावं लागतं. बॉक्स कापायची डाय बनवायची, चमकत्या छपाईच्या फॉइलचे नमुने बघायचे, छपाई, मग माल दुकानांपर्यंत पोचवायचा. गणपतीत बाहेर ढोल-ताशे वाजत असताना ही रात्री अकरापर्यंत डायलाइनवर, म्हणजे बॉक्सच्या कापांच्या आणि घड्यांच्या आराखड्यावर, बसलेली. ‘फायनल’, ‘फायनल-फायनल’, ‘हीच फायनल’ अशा नावांच्या फाइली. शेवटी आर्टवर्क प्रेसला गेलं आणि सगळं एकदम शांत झालं. स्टुडिओ चालवणारे सर कुणाशी धड बोलेनात. तिनं मनाशी हिशेब मांडला: काम आवडलेलं दिसत नाही, नवीन ब्रीफ, म्हणजे नवं काम, देत नाहीत, म्हणजे आता आपला नंबर.

अशा वेळी ‘काळजी करू नकोस’ हे मी आधी म्हणत नाही, कारण भीती खरीही असू शकते. मी तिला रुक्ष प्रश्न विचारले. नेमणुकीचं पत्र आहे का? पगार ठरल्या तारखेला बँकेत जमा होतो का? काम नसलेल्या दिवसांचे पैसे कापतात का? गेल्या काही वर्षांत कुणाला काढलं का? काही ठिकाणी माणसं रोज येऊन बसतात, पण कागदावर ती फ्रीलान्सर असतात आणि प्रोजेक्ट संपला की पैसे थांबतात. तिथली भीती हा साधा व्यवहार आहे. तिथे काही महिन्यांचा खर्च बाजूला ठेवणं आणि दुसरं काम शोधणं हेच करायचं, समुपदेशन नंतर. पीएफ नाही एवढ्यावरून मात्र घाबरू नये. तो कायदा साधारणपणे २० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांना लागू होतो आणि पुष्कळ स्टुडिओ त्याहून लहान असतात.

तिच्याकडे पत्र होतं, पगार वेळेवर होता, कुणाला काढल्याचं ऐकिवात नव्हतं. म्हणजे भीतीला या स्टुडिओत तरी काही आधार नव्हता.

मग मी तिला एक नोंद ठेवायला सांगितली. प्रोजेक्ट कुठल्या टप्प्यावर आहे आणि त्या दिवशी मन कसं आहे, एवढंच. मागच्या कामांचंही जितकं आठवेल तितकं. त्यात दोन खड्डे स्पष्ट दिसले. पहिला खड्डा कॉन्सेप्ट दाखवल्यावर. क्लायंटपुढे तीन ऑप्शन जातात, एक निवडला जातो, तोही बहुधा ‘याचा रंग आणि त्याचा फॉन्ट’ अशी खिचडी होऊन. उरलेले दोन फोल्डरमध्ये पडून राहतात. त्यातलं एखादं तिचं सर्वांत आवडतं असायचं आणि त्याचं दुःख कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण बाकीचे पुढच्या चेंजेसना लागलेले. दुसरा खड्डा फाइल हातावेगळी झाल्यावर, आणि तो जास्त खोल.

याचं कारण तसं सरळ आहे. काम चालू असताना रोज काहीतरी कानावर पडतं. ‘लोगो जरा मोठा करा’ हे ऐकून डिझायनरचं डोकं फिरतं खरं, पण कुणीतरी आपलं काम बघतंय हेही त्यातून कळतं. फाइल गेली की क्लायंट विक्रीला लागतो, सर पुढच्या पिचला, म्हणजे नवं काम मिळवायच्या सादरीकरणाला. बरं-वाईट कुणीच बोलत नाही. ज्याला आपली किंमत दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची सवय आहे, तो ही शांतता स्वतःच्या भीतीनं भरून काढतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती इथे उपयोगी पडते. घटना एवढीच की चार दिवस ब्रीफ आलं नाही. ‘म्हणजे मी नकोशी झाले’ हा अर्थ तिनं लावलेला. आपलं डिझाइन पास व्हावं ही इच्छा रास्त आहे, पण ते पास झालं नाही तर आपण कुणीच नाही, हा हट्ट झोप घालवतो.

तिला हे पटलं, तरी एक शंका होतीच. ‘पण मॅडम, सरांचा चेहरा?’

चेहऱ्याचा अर्थ माझ्या खोलीत बसून लावता येणार नव्हता. मी म्हटलं, सरांनाच विचार. ‘मला काढणार का’ असं विचारू नकोस. पुढच्या तीन महिन्यांत काय कामं येताहेत आणि त्यात मी कुठे आहे, हे विचार. धीर व्हायला तिला बरेच दिवस लागले. विचारलं, तेव्हा सरांनाच आश्चर्य वाटलं. कटकट वेगळीच होती: दोन क्लायंटची बिलं थकली होती.

स्टुडिओला पैसे हप्त्यांनी मिळतात. काही आगाऊ, काही कॉन्सेप्ट मंजूर झाल्यावर, उरलेले शेवटच्या फाइली दिल्यावर. अडकतो तो बहुधा शेवटचा हप्ता, कारण फाइली हातात पडल्यावर क्लायंटला घाई उरत नाही. नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असं २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो. मुदतीत पैसे दिले नाहीत तर क्लायंटला त्या खर्चाची आयकरातली वजावट प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळत नाही, अशी तरतूदही १ एप्रिल २०२४ पासून आली. पण मोठ्या क्लायंटला कायदा दाखवायचा तर पुढचं काम जायची धास्ती. सरांना वाटत होतं, हे ओझं टीमवर कशाला टाका. माझं मत विचाराल तर स्टुडिओ चालवणाऱ्यांची ही सवय वाईट आहे. पैशाची अडचण लपवली तरी कपाळावरची आठी लपत नाही, आणि पंधरा माणसं तिचे पंधरा अर्थ लावतात.

सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती तिला सर्वांत जास्त कामी आली. दोन प्रोजेक्टमधले रिकामे दिवस त्यांनी फी ठरवतानाच धरलेले असतात. कुठल्याच स्टुडिओतल्या माणसाचे सगळे तास बिलात लागत नाहीत.

कामाच्या मालकीचा प्रश्नही आम्ही बोललो, कारण नाकारलेले ते दोन ऑप्शन तिला पोर्टफोलिओत हवे होते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमानुसार नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. ५७ वं कलम मात्र ‘हे मी केलं’ असं सांगण्याचा कर्त्याचा हक्क मान्य करतं. त्यावर क्लायंटशी झालेला गोपनीयतेचा करार बऱ्याचदा असतो. त्यामुळे गुपचूप इन्स्टाग्रामवर टाकण्यापेक्षा लेखी विचारणं शहाणपणाचं. बॉक्स बाजारात आल्यावर, क्लायंटचं नाव काढून, एक ऑप्शन दाखवायची परवानगी तिला मिळाली. दुसऱ्याची नाही मिळाली.

वडिलांना मी एकदा बोलावलं. घरात शिरल्या शिरल्या ‘परमनंट कधी करणार?’ हा त्यांचा प्रश्न तिला टोचायचा. आधी ते मोजकंच बोलले. मग मी विचारलं, तुम्ही कामाला लागलात तेव्हा लगेच परमनंट झालात का? ते जरा थांबले. म्हणाले, ‘कुठलं हो. टेंपररी होतो. सात महिने काम, मग ब्रेक. परत बोलावतील की नाही, भरवसा नाही.’ ब्रेकच्या काळातही ते सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडायचे, चाळीत कळू नये म्हणून. मुलगी शेजारच्या खुर्चीत बसली होती. तिनं हे कधीच ऐकलेलं नव्हतं. ती म्हणाली, ‘बाबा, तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत.’ ते म्हणाले, ‘सांगण्यासारखं काय होतं त्यात?’ त्यानंतरचा वेळ ती दोघंच बोलत होती, मी मधे पडले नाही.

त्यानंतर झोप हळूहळू सुधारली. सुधारली नसती तर मी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. झोप आणि भूक दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेली असेल तर नुसत्या गप्पांवर विसंबू नये. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येतं, मराठीतही. आणि वर्षातले बाराही महिने रात्री अकरा वाजत असतील तर प्रश्न वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली ती कामाशी जोडलेली अवस्था म्हणून: थकवा, कामाबद्दल तुटलेपणा आणि आपल्याकडून काही होत नाही ही भावना. तिथे विचार बदलून भागत नाही, कामाचे तास बदलावे लागतात.

हाच प्रश्न घेऊन आलेला एक मुलगा खराडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत इन-हाउस डिझायनर म्हणून गेला. एकच प्रॉडक्ट, तीच टीम, वर्षभर तेच रंग. तो तिथे खूश आहे आणि स्टुडिओ सोडला याची त्यानं खंत करावी असं मला मुळीच वाटत नाही. काहींना दर दोन-तीन महिन्यांनी नवा विषय लागतो, काहींना त्याचाच त्रास होतो.

ही अजून त्याच स्टुडिओत आहे. प्रत्येक कामानंतर एक पान लिहिते: यात कुठले निर्णय माझे होते, काय चुकलं, काय शिकले. सरांकडे अर्धा तास मागून घेते. पिच असलं की तो मिळत नाही. रिकाम्या दिवसांत ती प्रेसवर जाते, कारण फॉइल कुठे उठतं आणि कुठे फुटतं हे स्क्रीनवर समजत नाही. फाइल गेल्यावरचे दोन दिवस अजून जडच जातात. मार्चअखेरीच्या घाईनंतर इन-हाउस नोकरीसाठी अर्ज करून बघायचा तिचा विचार आहे. जाईलच असं नाही.