कीर्तनाला उभं राहण्याआधी

चिरंजीवास सप्रेम रामकृष्णहरी.

तुझं पत्र मिळालं. वसतिगृहातल्या मित्राने तुला विचारलं, ‘तू कीर्तन करतोस ना, मग सांग, तुझ्या धर्मात जात आहे की नाही?’ तू त्याला ‘चातुर्वर्ण्यं मया सृष्टं गुणकर्मविभागशः’ ऐकवलंस, सगळं गुणकर्मांवर आहे, जन्मावर काहीच नाही, असं समजावलंस, आणि तो काही न बोलता उठून गेला. आता त्याला पटतील अशी आणखी वचनं तुला हवी आहेत. वचनं देतो. पण ज्या ग्रंथांतून ती देणार आहे, त्याच ग्रंथांत त्याच्या बाजूचा पुरावाही आहे. तो तू आधी वाचला पाहिजेस.

छांदोग्य उपनिषद घे. चौथ्या अध्यायात सत्यकाम जाबालाची कथा आहे. मुलगा आईला गोत्र विचारतो. ती सांगते, तरुणपणी अनेक ठिकाणी सेवाचाकरी करताना तू झालास, तुझं गोत्र मला ठाऊक नाही. मुलगा गौतम ऋषींपुढे जाऊन हे जसंच्या तसं सांगतो आणि ऋषी त्याचं उपनयन करतात. कीर्तनात आपण इथवर सांगतो, आणि श्रोते भारावून जातात. पण गौतमांचं वाक्य नीट वाच. ते म्हणतात, अब्राह्मण असं बोलू शकणार नाही. म्हणजे खरं बोलला तो ब्राह्मणाचाच असला पाहिजे, असाही अर्थ निघतो, आणि तो काढलाही गेला. ब्रह्मसूत्रांच्या अपशूद्राधिकरणात शूद्राला वेदाध्ययनाचा अधिकार नाही हे मांडताना शंकराचार्यांनी याच कथेचा दाखला दिला आहे: मुलगा शूद्र नाही अशी खात्री झाल्यावरच गौतम उपनयनाला तयार झाले. त्याच आचार्यांच्या नावावर मनीषापंचक आहे. ज्याला सर्वत्र एकच चैतन्य दिसतं तो चांडाळ असो की द्विज, तोच माझा गुरू, असं त्यात म्हटलं आहे. आपली परंपरा ही दोन्ही वचनं एकाच मुखाने बोलते.

आणि छांदोग्याच्याच पाचव्या अध्यायात काय आहे? ज्यांचं आचरण चांगलं ते ब्राह्मण, क्षत्रिय किंवा वैश्य योनीत जन्माला येतात. ज्यांचं वाईट ते कुत्र्याच्या, डुकराच्या किंवा चांडाळाच्या. सत्यकामाच्या कथेनंतर काही पानांवरच माणसाला जनावरांच्या ओळीत बसवलं आहे. मनुस्मृतीबद्दल मी वेगळं लिहीत नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ती का जाळली गेली, हे तुझ्या मित्राला तुझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. गीतेतलं तू सांगितलेलं वचन चौथ्या अध्यायातलं. अठराव्यात सेवा हे शूद्राचं स्वभावजन्य कर्म म्हटलं आहे, तेही गीतेतलंच. म्हणून ‘आमच्या धर्मात जात नाहीच’ असं पुन्हा म्हणू नकोस. जात आहे, ग्रंथांत आहे, आणि तिच्याविरुद्धचा आवाजही त्याच घरातला आहे.

छांदोग्याच्या पाचव्या अध्यायातल्या त्या वाक्याने काय केलं, ते पाहायचं तर संत चोखामेळा, आपले चोखोबा, यांच्याकडे ये. ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा’ तुला पाठ आहे. पण त्यांचा दुसरा एक अभंग आहे: ‘मी यातिहीन महार, पूर्वी निळाचा अवतार, कृष्णनिंदा घडली होती, म्हणोनि महार जन्मप्राप्ति’. गावाने ज्याच्यावर विटाळाचा शिक्का मारला, तो माणूस तो विटाळ स्वतःच्याच मागच्या जन्मीच्या पापाचं फळ म्हणून सांगतो आहे. मारणाऱ्याचा हात सुटला, दोष मार खाणाऱ्याकडे आला. पुनर्जन्मावर तुझी श्रद्धा असेल तर असू दे, माझीही आहे. पण समोर दुःख भोगणाऱ्या माणसाला त्याच्या पूर्वजन्माचा हिशेब सांगण्याचा अधिकार तुला किंवा मला कुणीही दिलेला नाही.

त्यांचा मुलगा कर्ममेळा हे सोसायला तयार नव्हता. तो देवालाच विचारतो, ‘आमुची केली हीन याती, तुज कां न कळे श्रीपती, जन्म गेला उष्टें खातां, लाज न ये तुमचे चित्ता’. पंढरीच्या देवाला लाज कशी वाटत नाही, असं विचारणारा अभंग आपल्याच गाथेत आहे. किती कीर्तनांत ऐकलास? चोखोबांच्या पत्नी सोयराबाईंचं ‘अवघा रंग एक झाला’ सगळीकडे चालतं, मैफलीतही चालतं. त्यांनीच विचारलं होतं, ‘देहींचा विटाळ देहींच जन्मला, सोवळा तो झाला कवण धर्म’. तो निरूपणाला घ्यायचा म्हटलं की चाल बसत नाही, वेळ पुरत नाही. आपण या कुटुंबाचे गोड अभंग ठेवून घेतले आणि तिखट बाजूला सारले. तू तसं करू नकोस.

आता ताईच्या स्थळाबद्दल लिहिलं आहेस ते. मुलगी सावळी म्हणून नकार आला, आणि जातीचा प्रश्न वेगळा, हा वेगळा, असं तुला वाटतं. इतके वेगळे नाहीत ते. महाभारताच्या शांतिपर्वात भृगू आणि भरद्वाज यांचा संवाद आहे. भृगू सांगतात: ब्राह्मण पांढरे, क्षत्रिय तांबडे, वैश्य पिवळे, शूद्र काळे. भरद्वाज तिथेच अडवतात. रंगावरून वर्ण ठरत असेल तर सगळ्याच वर्णांत सगळे रंग मिसळलेले दिसतात. ‘कामः क्रोधो भयं लोभः शोकश्चिन्ता क्षुधा श्रमः । सर्वेषां नः प्रभवति कस्माद्वर्णो विभज्यते ॥’ राग, भीती, भूक, थकवा आपल्या सगळ्यांना सारखेच गाठतात. घाम, कफ, पित्त, रक्त सगळ्यांच्या शरीरातून वाहतं. मग वर्ण वेगळे करता कशावरून? किती साधा प्रश्न आहे हा, आणि त्याला आजवर कुणी उत्तर देऊ शकलेलं नाही. भृगूंनाही मान्य करावं लागलं: ‘न विशेषोऽस्ति वर्णानां सर्वं ब्राह्ममिदं जगत्’, वर्णांत मुळात भेद नाही, सगळं जग ब्रह्माचंच. हा श्लोक पाठ कर. पण पुढचंही वाच, कारण लगेच ते सांगतात की खोटेपणात, हिंसेत पडून शुचिता गमावलेले जे काळे झाले, ते शूद्र. समतेच्या वचनाला चिकटूनच काळ्या रंगाची निंदा आली आहे.

वज्रसूचिका उपनिषद मात्र इथे डगमगत नाही. ब्राह्मण म्हणजे कोण? जीव का, देह का, जाती का, असं एकेक विचारून ते एकेक खोडून काढतं. देह म्हणावा तर चांडाळापासून सगळ्यांचे देह त्याच पंचमहाभूतांचे, आणि ब्राह्मण पांढरा, शूद्र काळा असा काही नियम नाही. जाती म्हणावी तर व्यास कोळ्याच्या मुलीच्या पोटचे, वसिष्ठ उर्वशीचे. आपल्या बहिणाबाईंनी, तुकोबांच्या शिष्येने, सतराव्या शतकात हाच विचार मराठी अभंगांत आणला. जन्माने ब्राह्मण असलेल्या बाईने कुणब्याला गुरू केलं आणि ब्राह्मण्य जन्मात नाही हे लिहून ठेवलं. तिच्या घरात याबद्दल तिला काय सोसावं लागलं, ते तिच्याच आत्मचरित्रपर अभंगांत आहे.

आणि ज्याच्यापुढे आपण उभे राहतो तो कोण आहे? काळा पाषाण. ज्याचं नावच कृष्ण, त्याचं आपण नाव घेतो. महाभारत रचणाऱ्या व्यासांचं नाव कृष्ण, द्रौपदीचं नाव कृष्णा. वारकऱ्याच्या कपाळी बुक्का लागतो तोही काळा. ‘सावळें सुंदर रूप मनोहर’ म्हणत आपण डोळे मिटतो, आणि घरी येऊन मुलाच्या बायोडेटाखाली ‘गोरी वधू हवी’ असं छापतो. काळ्या ब्राह्मणावर आणि गोऱ्या शूद्रावर विश्वास ठेवू नये अशा अर्थाची एक म्हण तू ऐकली असशील. ज्याच्या तोंडून ती निघते त्याच्या मनात रंग आणि जात एकाच दाव्याला बांधलेली असतात. इंग्रजी अमलात हर्बर्ट रिस्ले या अधिकाऱ्याने लोकांची नाकं मोजून जातींची उतरंड लावली, आणि आपल्यातल्या अनेकांना त्याला शास्त्र म्हणायला आवडलं. १९३६ साली लाहोरच्या ज्या भाषणाचं बाबासाहेबांना दिलेलं निमंत्रण मागे घेतलं गेलं, त्यात त्यांनी सरळ लिहिलं होतं की पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चांभार एकाच वंशाचे आहेत. भरद्वाजांचा प्रश्न त्यांनी पुढे नेला, असं मला वाटतं.

कीर्तनात तू विनोदासाठी काळ्या बायकोचा, काळ्या सुनेचा दृष्टांत कधीही घेऊ नकोस. हशा हमखास येतो, मंडपात मागून टाळ्याही येतात. पण त्याच मंडपात तुझ्या ताईसारख्या मुली बसलेल्या असतात, आणि त्यांना उठून जाता येत नाही.

आता ज्ञानोबा. गीतेच्या नवव्या अध्यायावर लिहिताना ते म्हणतात, ‘म्हणौनि कुळ जाति वर्ण, हें आघवेंचि गा अकारण’. अठराव्यात तर त्यांनी वेदालाच कृपण म्हटलं आहे: संपन्न आहे, पण त्याच्यासारखा कंजूस नाही, कारण तो तीनच वर्णांच्या कानी लागला, आणि स्त्रीशूद्रांना दारच उघडलं नाही. इ.स. १२९० मध्ये, संन्याशाची पोरं म्हणून ज्यांना वाळीत टाकलं होतं, त्या मुलाने हे लिहिलं.

हे सगळं वाचून तुला वाटेल, मग मित्राचं उत्तर मिळालं, संतांनी समता सांगितलीच आहे. इथेच सावध हो. गांधीजींना दिलेल्या उत्तरात बाबासाहेबांनी लिहिलं आहे की सगळी माणसं समान आहेत असं संतांनी शिकवलं नाही. देवाच्या दृष्टीने सगळे समान, एवढंच शिकवलं, आणि ते फार वेगळं, कुणालाही न दुखवणारं सांगणं आहे. मला हे वाक्य बोचतं, आणि ते खोटं ठरवणं माझ्या हाती नाही. कारण इतिहास बघ. चोखोबा मंगळवेढ्यात गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून गेले, १३३८ साली. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणून महाद्वाराशी समाधी बांधली. त्या समाधीपर्यंत त्यांच्या जातीच्या माणसाने यायचं, पुढे नाही. आत चोखोबांचे अभंग गायले जात होते, आणि बाहेर त्यांचेच लोक उभे होते. हे १९४७ पर्यंत चाललं! साने गुरुजींनी १ मेला प्राण पणाला लावून उपोषण धरलं आणि १० मेला ते सुटलं, तेव्हा कुठे दार उघडायचं ठरलं. सहाशे नऊ वर्षं. एवढ्या काळात आषाढी-कार्तिकीला ‘भेदाभेद भ्रम अमंगळ’ म्हणणारे लाखो कंठ तिथून गेले असतील.

तोवर बाबासाहेबांनी महाडचं पाणी आणि नाशिकचं काळाराम मंदिर, दोन्हीकडे दाद मागून पाहिली होती, आणि १९३५ साली येवल्यात धर्मांतराची घोषणा केली होती. तरीही १९४८ साली अस्पृश्यांवरचा ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. जे १९५६ पासून धर्म सोडून गेले त्यांच्याबद्दल कीर्तनाच्या गादीवरून एकही कडू शब्द काढू नकोस. ज्याला दारात उभं ठेवलं तो निघून गेला, तर प्रश्न दार धरून बसलेल्याला विचारायचा.

म्हणून देवापुढची समता माणसांच्या पंगतीत, पाणवठ्यावर, सोयरिकीत किती उतरली, हे पाहिल्याशिवाय तिच्याबद्दल बोलू नकोस. सप्ताहाचं आमंत्रण येईल तेव्हा चौकशी कर: वर्गणी सगळ्या वस्त्यांतून घेता, मग स्वयंपाकाला, वाढायला सगळ्या वस्त्यांतली माणसं असतात का? वीणा कुणाच्या गळ्यात असतो? काल्याच्या कीर्तनाचा मान दरवर्षी एकाच जातीच्या बुवांना का? हे विचारशील तर काही आमंत्रणं जातील. जाऊ देत. आपल्या संप्रदायात लहानमोठा, जातपात न बघता एकमेकांच्या पाया पडायची रीत आहे, ती मला जीव की प्राण आहे; पण पाया पडून झाल्यावर त्याच माणसाच्या घरी जेवायला जातो का, हे तू स्वतःपुरतं तरी ठरव. आणि तुझ्या लग्नाची बोलणी सुरू होतील तेव्हा तुझ्या बायोडेटावर रंग आणि पोटजात या दोन ओळी असू नयेत. याबद्दल वडिलांशी मी बोलेन, ते माझं ऐकतात.

मित्राला भेट, पण उत्तर घेऊन जाऊ नकोस. तुला हा प्रश्न का पडला, एवढं विचार आणि तो जे सांगेल ते मध्ये न बोलता ऐक. त्याच्या गावातल्या देवळाबद्दल, विहिरीबद्दल सांगेल कदाचित. कदाचित काही सांगणारही नाही. माफी मागून त्याच्याकडून पाठीवर हात फिरवून घेऊ नकोस, आणि कीर्तनाला ये असा आग्रहही धरू नकोस.

पहिल्या कीर्तनाला कर्ममेळ्याचा अभंग घे. एकेक चरण नीट सोडव, मागे शंभर दृष्टांत लावू नकोस. चालीचं मृदंगवाल्याशी आधी बोलून ठेव, त्यांना तो माहीत नसेल. बहिणाबाईंचे ते अभंग मी वहीत उतरवून ठेवले आहेत; दिवाळीत आलास की ती वही घेऊन जा.