वाचकांचे प्रश्न : डोंगरात जाताना काय घालावे, काय न्यावे

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे पर्वतीय पदभ्रमणाच्या तयारीविषयी आहेत. त्यांतील सहा प्रश्न, थोडे संक्षिप्त करून, उत्तरांसह देत आहोत.

प्रश्न : पुढच्या महिन्यात मी आयुष्यात प्रथमच सहा दिवसांच्या पदभ्रमणाला जाणार आहे. वाट १,८०० मीटर उंचीवरून सुरू होऊन ३,८०० मीटरपर्यंत चढते. थंडीच्या धास्तीने मी आतून अस्तर असलेले एक जाडजूड जाकीट घेऊन ठेवले आहे. त्याच्या आत सुती टी-शर्ट आणि खाली जीन्स एवढे पुरेल का?

उत्तर : ते जाकीट परत करता येण्याजोगे असेल तर परत करा. थंडीचा अंदाज तुम्ही बरोबर बांधला आहे, कारण दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते आणि तुमच्या वाटेवर पायथा आणि माथा यांच्यात तेरा अंशांचा फरक सहज पडू शकतो. तुमच्या हिशेबात राहून गेला आहे तो घाम. चढ सुरू होऊन दहा मिनिटे होतात न होतात तोच ते जाकीट अंगावर नकोसे होईल, आणि काढले तर निम्मी सॅक तेच अडवील. आतला सुती टी-शर्ट तोवर पाठीला चिकटलेला असेल. मग खिंडीत पोचून तुम्ही दम खायला थांबाल, वारा सुटेल आणि पाच मिनिटांत दात वाजू लागतील. स्थिर हवेपेक्षा पाणी शरीरातील उष्णता सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून नेते, आणि सुती कापड ते पाणी तासन्‌तास धरून ठेवते. जीन्सचेही तेच, शिवाय ती भिजली की गुडघा वाकवताना प्रत्येक पावलाला जाणवते.

म्हणून एका जाड कपड्याऐवजी तीन पातळ थर घ्यावेत. अंगालगत मेरिनो लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा सदरा असावा. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास तीस टक्के ओलावा शोषूनही ओली लागत नाही आणि तिला वासही कमी येतो. पॉलिएस्टर ओलावा जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे ते लवकर वाळते, पण दुसऱ्या दिवशी तंबूतल्या सोबत्यांना त्याची जाणीव होते. त्यावर पुढून चेन असलेले फ्लीस (मऊ, लवदार कृत्रिम कापडाचा उबदार सदरा) आणि सर्वांत वर वारा-पाऊस अडवणारे पातळ जाकीट घ्यावे. याखेरीज पिसांचे किंवा कृत्रिम तंतूंचे एक हलके, उबदार जाकीट सॅकमध्ये अगदी वर ठेवावे. ते चालताना घालायचे नसून थांबताक्षणी, थंडी वाजण्याआधी अंगावर चढवायचे असते. पिसे वजनाच्या मानाने सर्वांत उबदार असतात, परंतु भिजली की त्यांचा गोळा होतो, त्यामुळे पावसाळी हवेत मी कृत्रिम तंतूंनाच पसंती देतो. सकाळी निघताना किंचित गारठा जाणवत असेल, तर कपडे नेमके जमले आहेत असे समजावे.

कानटोपी आणि हातमोजे अवश्य घ्या. मात्र शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते, हा समज खरा नाही. बाकीचे अंग झाकलेले नसेल तर डोक्याच्या वाट्याला फार तर दहावा भाग येतो.

प्रश्न : माझ्या भावाचे ट्रेकिंगचे बूट आठ वर्षे कपाटात जवळजवळ न वापरता पडून आहेत. माप मला बरोबर बसते. ते वापरावेत की नवे घ्यावेत? नवे घेताना काय पाहावे?

उत्तर : बूट दिसायला कोरे असतील, परंतु वर्षे त्यांच्याही अंगावर जमा झालेली असतात. बहुतेक ट्रेकिंग बुटांत रबरी तळ आणि वरचा भाग यांच्यामध्ये पॉलियुरेथेनच्या फेसाचा एक थर असतो. हवेतील दमटपणामुळे या फेसाचे रासायनिक बंध हळूहळू तुटत जातात, आणि ही क्रिया बूट वापरात नसतानाही चालूच असते. वरून चामडे चकचकीत आणि आतून फेस भुसभुशीत, अशी अवस्था होते. या थरावर कडेने अंगठा जोरात दाबून पाहा, बूट चवड्यापाशी वाकवून पाहा. बारीक भेगा दिसल्या किंवा भुगा पडला तर तो बूट डोंगरात नेऊ नका. मी ही परीक्षा न घेता एकदा निघालो होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी उजव्या बुटाची टाच जबड्यासारखी उघडली, आणि उरलेली उतरण मी तंबूच्या दोरीने तळ आवळून, दर अर्ध्या तासाला गाठ नव्याने मारत पार केली.

नवे बूट दिवस मावळताना, पाय थोडे सुजलेले असताना, आणि चालताना जे मोजे घालणार तेच घालून पाहावेत. नाडी न बांधता पाय पुढे सरकवल्यावर टाचेमागे एक बोट मावले पाहिजे. त्यानंतर नाडी आवळून उतरत्या फळीवर चालून पाहा. बोटांची टोके पुढे आपटत असतील तर तिसऱ्या दिवशी अंगठ्याचे नख काळे पडणार, हे नक्की. तळाच्या खाचा खोल आणि टाचेला स्पष्ट कड असलेल्या हव्यात. खोल खाचांचा रबरी तळ ही व्हिताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाची देणगी आहे. १९३५ मध्ये आल्प्समध्ये सहा सोबती गमावल्यावर त्यांनी तो विकसित केला आणि १९३७ मध्ये त्याचे एकस्व (पेटंट) घेतले. घोट्यावर येणारे उंच बूट हवेतच असे मात्र नाही. हलके सामान आणि मळलेली वाट असेल तर कमी उंचीचे, हलके बूट अधिक बरे, कारण पायातले वजन पाठीवरच्या वजनाहून कितीतरी जास्त दमवते.

नवे बूट निदान तीन-चार आठवडे रोज वापरा. वाटेत टाचेवर चुरचुर जाणवली की पुढच्या मुक्कामाची वाट न पाहता तिथेच थांबून चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर लावलेल्या पट्टीचा उपयोग निम्माच होतो.

प्रश्न : मी मुद्दाम महागडे, जलरोधक आणि घामाची वाफ बाहेर सोडणारे जाकीट घेतले, तरी दुसऱ्याच मोसमात पावसात आतून ओला झालो. माझी फसवणूक झाली का?

उत्तर : बहुधा नाही. अशा जाकिटाच्या आत सूक्ष्म छिद्रांचा एक पातळ पडदा असतो. त्यातून वाफ बाहेर जाते, पाण्याचा थेंब आत येत नाही. पण वाफ बाहेर पडण्यासाठी वरचे कापड मोकळे असावे लागते, आणि त्यासाठी त्यावर पाणी झटकणारा लेप दिलेला असतो. मळाने, घामाने, सॅकच्या पट्ट्यांच्या घर्षणाने तो लेप निष्प्रभ होतो. मग थेंब घरंगळून न जाता कापडात मुरतात, खांद्यांवर काळपट ओले डाग पडतात, वाफेची वाट बंद होते आणि तुमचाच घाम आत साचतो. लेबलावरील सूचना पाहून जाकीट सौम्य साबणाने धुवा, कपडे मऊ करणारे द्रव्य वापरू नका, आणि परवानगी असेल तर मंद उष्णतेवर वाळवा; लेप बराचसा पुन्हा जागा होतो, न झाल्यास तो नव्याने देता येतो. तरीही खड्या चढावर तुम्ही जितका घाम गाळाल तितका बाहेर टाकणारे जाकीट अजून निघालेले नाही. म्हणून काखेखाली चेन असलेले जाकीट निवडावे आणि ती चेन उघडी ठेवून चालावे.

प्रश्न : माझ्या स्लीपिंग बॅगवर उणे ५ अंश असे छापलेले आहे, पण २ अंश तापमानातही मी रात्र कुडकुडत काढली. दोष माझ्या शरीराचा की बॅगेचा?

उत्तर : दोष आकडा वाचण्यातला आहे. आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार तपासलेल्या बॅगेवर एकापेक्षा अधिक तापमाने दिलेली असतात. सुखकर तापमान हे ऐसपैस झोपलेल्या सर्वसाधारण स्त्रीच्या हिशेबाने ठरवतात, तर मर्यादा तापमान हे अंग आखडून झोपलेल्या सर्वसाधारण पुरुषाच्या हिशेबाने. तिसरे टोकाचे तापमान म्हणजे केवळ जीव वाचण्याची शक्यता. विक्रेते बहुधा दुसरा आकडा ठळक छापतात. तुम्ही पहिलाच पाहावा.

बॅगेइतकीच तपासण्यासारखी वस्तू म्हणजे खालची मॅट. अंगाच्या भाराने बॅगेचा खालचा भाग चेपला जातो, त्यातील हवा निघून जाते आणि जमिनीची थंडी थेट पाठीला भिडते. मॅटवर ‘आर’ मूल्य, म्हणजे जमिनीची थंडी अडवण्याची तिची क्षमता, दिलेले असते; आकडा जितका मोठा तितकी मॅट उबदार. उन्हाळ्यात २ पुरते, दहिवर गोठणाऱ्या रात्री ४ किंवा अधिक हवे. दोन मॅट एकावर एक घातल्यास या मूल्यांची बेरीज होते, त्यामुळे नवी बॅग घेण्याआधी साधी फोमची मॅट जोडून पाहा.

प्रश्न : सॅक ५० लिटरची घ्यावी की ७० लिटरची?

उत्तर : सॅक सर्वांत शेवटी घ्या. बाकीचे सामान घरी एकत्र रचून पाहा आणि ते मावेल एवढीच घ्या, कारण मोठ्या सॅकमधली रिकामी जागा निघायच्या आदल्या रात्री हमखास भरली जाते. लिटरपेक्षा पाठीचे माप महत्त्वाचे. मानेखालच्या उंच मणक्यापासून कमरेच्या हाडापर्यंतची लांबी मोजून त्यानुसार सॅक निवडली, तरच कमरपट्टा हाडावर बसतो आणि बहुतेक भार खांद्यांऐवजी कमरेवर येतो. जड वस्तू मध्यभागी, पाठीलगत ठेवाव्यात. एकूण भार स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत असावा.

प्रश्न : मोबाइलची टॉर्च असताना वेगळी टॉर्च, गॉगल असल्या किरकोळ वस्तू कशाला न्यायच्या?

उत्तर : थंडीत मोबाइलची बॅटरी पाहता पाहता उतरते, आणि तो एका हातात धरून अंधारात खडक उतरता येत नाही. डोक्याला बांधायची टॉर्च न्या, आणि रात्री तिच्या बॅटऱ्या व मोबाइल दोन्ही स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपा. दर हजार मीटर चढल्यावर अतिनील किरणे सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजे बर्फ त्यांपैकी ऐंशी टक्क्यांपर्यंत परावर्तित करते, त्यामुळे बर्फ असलेल्या वाटेवर कडेनेही प्रकाश अडवणारा गॉगल लागतोच. शिट्टीही घ्या, आणि ती सॅकमध्ये न ठेवता गळ्यात किंवा छातीच्या पट्ट्याला अडकवा. आल्प्समध्ये रूढ असलेला मदतीचा संकेत असा आहे : एका मिनिटात समान अंतराने सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, आणि पुन्हा तेच, समोरून मिनिटाला तीन शिट्ट्या ऐकू आल्या तर कोणीतरी ऐकले आहे.