वाचकांचे प्रश्न : एकवीस किलोमीटर आणि आठ मिनिटे

प्रश्न : माझी मुलगी जर्मनीत लिंडाऊ येथे राहते. तिच्या जवळच्या फ्रीड्रिशहाफेन विमानतळापासून स्वित्झर्लंडमधील आल्टेनऱ्हाइन विमानतळापर्यंतचे अंतर एका संकेतस्थळावर २१ किलोमीटर आणि उड्डाणाचा वेळ ३२ मिनिटे असा दाखवला आहे. हे विमान ८ मिनिटांत पोहोचत असे, असेही वाचले. ताशी ८०० किलोमीटर वेगाने गणित केले, तर दीड मिनिटच होते. यांपैकी खरे कोणते? आणि हा प्रवास आता करता येईल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपण दिलेले अंतर बरोबर आहे. मात्र ते दोन विमानतळांच्या अक्षांश-रेखांशांवरून काढलेले, कॉन्स्टन्स सरोवरावरून सरळ जाणारे अंतर आहे. अशी अनेक संकेतस्थळे या अंतराला एका ठरीव वेगाने भागतात आणि उड्डाण व उतरणे यांसाठी सरसकट अर्धा तास मिळवतात. आपले दीड मिनिट आणि हा अर्धा तास मिळून ते ३२ मिनिटांचे उत्तर आले असावे. प्रत्यक्ष विमानाशी त्याचा फारसा संबंध नाही.

८ मिनिटांचा आकडा मात्र खऱ्या उड्डाणाचा आहे आणि तो बारकाईने पाहण्यासारखा आहे. २१ किलोमीटर ८ मिनिटांत म्हणजे ताशी सुमारे १५७ किलोमीटर. या मार्गावरचे एम्ब्राएर १७० हे जेट विमान धावपट्टीवर उतरतानासुद्धा याहून बऱ्याच अधिक वेगाने येते. तेव्हा ते सरळ रेषेत गेलेच नसणार, हे या आकड्यावरूनच सिद्ध होते. सरासरी वेग ताशी ३०० किलोमीटर धरला, तरी हवेतली वाट सुमारे ४० किलोमीटरांची, म्हणजे जवळजवळ दुप्पट भरते.

याचे कारण धावपट्ट्यांच्या दिशांत आहे. धावपट्टीच्या क्रमांकाला दहाने गुणले की तिची होकायंत्रावरची दिशा अंशांत मिळते. आल्टेनऱ्हाइनची पट्टी १०/२८ म्हणजे जवळपास पूर्व-पश्चिम, तर फ्रीड्रिशहाफेनची ०६/२४ म्हणजे ईशान्य-नैर्ऋत्य आहे. प्रवास मात्र दक्षिणोत्तर. त्यामुळे आल्टेनऱ्हाइनहून उडालेल्या विमानाला आधी पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे झेपावून वळावे लागते आणि पलीकडे पोहोचल्यावर वाऱ्याचा रुख पाहून पुन्हा वळून पट्टीच्या रेषेत यावे लागते. ताशी ८०० किलोमीटरचा वेग गाठण्याइतकी उंची घेण्याआधीच उतरण्याची तयारी सुरू होते. वेळापत्रकातला वेळ याहूनही अधिक असतो, कारण तो विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जाऊन थांबेपर्यंत मोजतात.

याउलट स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांमधील वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे २.७ किलोमीटरांचे अंतर लहानसे आयलंडर विमान वेळापत्रकानुसार दोन मिनिटांत कापते. वारा अनुकूल असताना ते ५३ सेकंदांतही झाले आहे.

आता आपला शेवटचा प्रश्न. आल्टेनऱ्हाइन-फ्रीड्रिशहाफेन ही विमानसेवा नोव्हेंबर २०१६ मध्ये सुरू झाली आणि एप्रिल २०१७ मध्ये बंद पडली. मुळात ते विमान पुढे कोलोन-बॉनला जाणारे होते आणि फ्रीड्रिशहाफेन हा वाटेतला थांबा होता. पर्यावरणवाद्यांनी त्यावर कडक टीका केली, आणि ती आम्हाला रास्त वाटते. लिंडाऊहून आल्टेनऱ्हाइनला जायचे तर ब्रेगेन्झमार्गे, ऑस्ट्रियाचा कोपरा ओलांडून, रस्त्यानेच जावे. सरोवर पाण्यावरूनच ओलांडण्याची हौस असेल, तर फ्रीड्रिशहाफेनहून रोमान्सहॉर्नला मोटारी वाहणारी फेरीबोट जाते आणि तिला सुमारे पाऊण तास लागतो.