मालिकेने नेलेले नाव

प्रिय भगिनी,

लेकीसाठी लग्नाच्याही आधीपासून मनात जपलेले नाव एका गाजणाऱ्या मालिकेच्या नायिकेला मिळाले. आता बाळंतपणाला दोन महिने उरले असताना तुमच्या थोरल्या ताई म्हणतात, की लोक मालिकेची नक्कल म्हणतील आणि वर्गात त्याच नावाच्या चार मुली असतील. नाव बदलावे का, असे तुम्ही विचारले आहे. माझे स्पष्ट मत आहे, की बदलू नये.

पडद्यामुळे नावे पसरतात हे खरे. पण कथा लिहिणारेही आसपास कानावर पडणाऱ्या नावांतूनच पात्राचे नाव निवडतात, त्यामुळे पुष्कळदा नाव आधीच लोकांच्या पसंतीस उतरू लागलेले असते आणि श्रेय मात्र पडद्याला मिळते. अमेरिकेत १९७० ते १९८४ अशी सलग पंधरा वर्षे 'जेनिफर' हे मुलींच्या नावांत पहिल्या क्रमांकावर होते. याचे श्रेय १९७०च्या अखेरीस आलेल्या 'लव्ह स्टोरी' या चित्रपटाच्या नायिकेला देण्याची रीत आहे. परंतु ते नाव त्याआधीचे सारे दशक वर चढत आले होते. तुमच्या बाबतीतही तेच झालेले दिसते, आणि त्यात ओशाळण्यासारखे काही नाही.

जे नाव खरोखरच पडद्यावरून आले, तेही पुढे पडद्याचे राहत नाही. १९८४च्या 'स्प्लॅश' या चित्रपटातील जलपरी रस्त्याच्या पाटीवरून 'मॅडिसन' हे नाव घेते, तेव्हा नायक तिला सांगतो, की हे काही नाव नव्हे. २००१ साली तेच नाव अमेरिकेत मुलींच्या नावांत दुसरे होते, आणि आज ते ऐकून जलपरी क्वचितच कुणाला आठवते.

सावध राहावे ते एका पात्राखेरीज ज्याला दुसरा आधारच नाही अशा नावाबाबत. 'गेम ऑफ थ्रोन्स'वरून काही पालकांनी मुलींची नावे 'खलीसी' ठेवली, जी मुळात कथेतल्या राणीची पदवी आहे. मालिका संपता संपता, मे २०१९मध्ये, त्याच राणीने अख्खे शहर जाळले आणि त्या आईवडिलांची पंचाईत झाली. तुमचे नाव मालिकेच्या कितीतरी आधीपासून वापरात आहे. नायिका पुढे कशीही वागली, तरी त्याला बट्टा लागणार नाही.

वर्गातल्या चार मुलींची धास्तीही घेऊ नका. आईवडील आता पूर्वीपेक्षा फार वेगवेगळी नावे निवडतात. अमेरिकेत १९५०च्या सुमारास मुलग्यांचे सर्वांत लोकप्रिय नाव शंभरांतल्या चार-पाच जणांना मिळे, आज ते जेमतेम एकाला मिळते.

ताईंचे बोलणे मायेपोटीच आले असणार, म्हणून त्यांच्याशी वाद घालू नका. तुम्ही दोघे आधी ठाम ठरवा, मग हे नाव तुम्हाला केव्हापासून आणि का आवडते ते ताईंना एकदा नीट सांगा, आणि त्यानंतर हा विषय पुन्हा चर्चेला घेऊ नका.